पाण्याचा मान

सत्काराचं गोरखला काही वाटत नव्हतं. शाल खांद्यावर पडली की मान खाली घालायची, नारळ आला की दोन्ही हातांनी धरायचा आणि फोटोवाला 'इकडं बघा' म्हणाला की तिकडं बघायचं. यात अवघड ते काय? कारगिलची लढाई संपवून तो पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा आंबेगाव तालुक्यात त्याचे इतके सत्कार झाले, की डिंभ्यात त्याच्या आईनं बऱ्याचशा शाली गावातल्या बाळंतिणींना देऊन टाकल्या. त्याच्या मनानं धसका घेतला होता तो पानाचा.

ते पान महाळुंगे पडवळला मांडलेलं असणार होतं, साळुबाईच्या घरी. साळुबाईचा एकुलता मुलगा चांगदेव गोरखच्याच पलटणीत होता आणि लढाईत गेला होता. आज त्याचं वर्षश्राद्ध. त्या भावकीत एक जुनी रीत होती. मरणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी ज्यानं घातलं, त्याला वर्षश्राद्धाला पहिलं पान. तो जेवेपर्यंत घरातलं कोणी तोंडात काही घालत नाही, मग तो सख्खा भाऊ असो की वाटेवरचा गडी. याला त्या घरात पाण्याचा मान म्हणत. जन्मभर हजार माणसं पाणी देतात, जाताना देणारा एकच असतो, असा त्यामागचा हिशेब. रीत चांगली होती, तिला नाव ठेवायला जागा नव्हती. अडचण एवढीच, की मान गोरखच्या नावानं ठरला होता आणि पाणी गोरखनं घातलं नव्हतं.

तो काही खोटं बोलला नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. दिवाळीच्या सुट्टीत तो साळुबाईला भेटायला गेला, तेव्हा ओसरीवर भावकी दाटली होती. चांगदेवची शवपेटी बंदच आली होती आणि ती कोणी उघडू दिली नव्हती. पण साळुबाईला बाकी काही विचारायचं नव्हतं. पोरगं कुठं पडलं, गोळी कुठं लागली, सरकार काय देणार, कशाचीच तिला पडलेली नव्हती. तिनं एकच विचारलं, "त्याच्या तोंडात पाणी पडलं का रं?"

"पडलं, मावशी," गोरख म्हणाला, आणि ते खरं होतं.

साळुबाईनं त्याचे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले. चांगदेवचा चुलता गेणभाऊ बाजूलाच बसला होता. तो म्हणाला, "ह्योच बरोबर व्हता. ह्याच्याच हातचं असणार." ओसरीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. गोरखनं तोंड उघडलं, पण साळुबाईचे डोळे त्याच्या तळहातावर ओले होत होते. त्यानं तोंड मिटलं. गप्प बसणं खोटं बोलण्यापेक्षा सोपं असतं, पण पुढं जाऊन महाग पडतं. गोरखला ते आठ महिने पुरलं.

आता ज्येष्ठ लागला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. डिंभ्याची एसटी आली तर आली, तिच्या मनावर असतं. त्या दिवशी तिचं मन नव्हतं. शेवटी सलीमची जीप आली. सलीम मूळचा जुन्नरचा, पण घोडेगावात राहून वडाप चालवायचा. मागं धरणातल्या मासळीच्या पाट्या आणि त्यांच्यावर पाय ठेवून बसलेली माणसं, असा त्याचा नेहमीचा संसार.

"गोरखभाऊ, पुढं बसा," सलीम म्हणाला. "वर्षश्राद्धाला चाललाय, मासळीचा वास घिऊन नका जाऊ."

घोडेगावपर्यंत सलीम एकटाच बोलत होता. "तुमच्या लढाईच्या टायमाला मला लई तरास झाला राव. किरकेटची म्याच असली की एकच दिस ऐकून घ्यावं लागतं. लढाई दोन म्हैनं चालली. रोज एक पावणा इचारायचा, काय सलीम, कोण जिकंल? म्हणलं बाबा, माझं ब्रेक आधी जिकू दे."

मागची माणसं हसली. गोरखही हसला. मग ती माणसं घोडेगावला उतरली आणि जीप मोकळी झाली, तसं गोरखनं विचारलं, "सलीम, समज, दोघांची मारामारी झाली. एकानं दुसऱ्याला पाडलं. मंग त्यानंच त्याला पाणी पाजलं. तर त्या माणसाला काय म्हणायचं?"

सलीमनं गिअर बदलला आणि एकदा त्याच्याकडं पाहिलं. "कोण पडलं, कोणी पाडलं?"

"समज म्हणलं ना."

"पाणी पाजलं म्हंजे माणूस हाय म्हणायचं. आन पाडलं म्हंजे..." सलीम थांबला. "पाडणारा बी माणूसच असतो. पण मला नका इचारू गोरखभाऊ. तुमी बोललात तर लोक म्हणत्याल, मोठ्या मनाचा गडी. त्येच मी बोललो तर उद्या माझ्या जीपमधी कोण बसंल?"

गोरख खिडकीतून बाहेर बघू लागला. कालव्याच्या कडेनं टोमॅटोचे मांडव मागं चालले होते, आणि त्याच्या डोळ्यांसमोर मात्र कारगिलचा तो उघडा कडा येत होता.

पहाटेचा हल्ला फसला होता. चांगदेव सगळ्यांच्या पुढं होता. पोटात गोळी लागून तो उतारावर पडला, शत्रूच्या बंकरपासून हाकेच्या अंतरावर. बाकीचे खालच्या दगडांआड अडकले. डोकं वर काढलं की गोळी यायची. दिवसभर चांगदेव हाका मारत होता. "गोरख, पाणी! गोरख, पाणी दे रं!" गोरखच्या कमरेला बाटली भरलेली होती. दोनदा तो सरपटत निघाला, दोनदा सुभेदारानं पाय धरून मागं ओढला. दुपारनंतर हाका बारीक झाल्या आणि मग थांबल्या. गोरखनं त्या दिवशी बाटलीला तोंड लावलं नाही. त्यानं चांगदेवला काय फरक पडणार होता? पण नाही लावलं.

दुसऱ्या सकाळी वरच्या दगडाआडून बंदुकीच्या टोकावर एक मळका पांढरा बनियन वर आला. "अपना आदमी ले जाओ! गोली नहीं चलेगी!"

सुभेदारानं गोरखला आणि सावळाराम नावाच्या दुसऱ्या जवानाला पाठवलं, बिनहत्याराचं. दोघं चढून गेले.

वर चांगदेवशेजारी त्यांचा एक जवान बसला होता. फाटका स्वेटर, फुटलेले ओठ, थंडीनं सोलपटलेलं नाक. अगदी यांच्यासारखाच. चांगदेवचे हात कोणीतरी सरळ करून ठेवले होते आणि तोंडावर एक लोकरीची टोपी झाकली होती. तो जवान त्या वाऱ्यात बोडका होता.

"पानी पिलाया था मैंने," तो म्हणाला. "कल दोपहर को. थोड़ा ही पी सका."

मग त्यानंच विचारलं, "आई, आई करता रहा. ये आई कौन है? घरवाली?"

"माँ," गोरख म्हणाला.

"अच्छा," तो म्हणाला.

आता पुढं गोरखनं जे केलं ते त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याचा हात आपसूक खिशात गेला. तंबाखूची पुडी निघाली, चुन्याची डबी निघाली. आपल्याकडं मयताला माणसं जमली की एकजण तंबाखू मळतो आणि शेजारचा न बोलता हात पुढं करतो. तिथं वैर विचारत नाहीत. बांधावरून डोकी फुटलेले भाऊबंदसुद्धा एकाच तळहातावरची चिमूट उचलतात. गोरखनं मळली, थापटली आणि सवयीनं हात पुढं केला. समोरच्यानं चिमूट घेतली, ओठाखाली धरली आणि असं काही तोंड वाकडं केलं की सावळारामला फस्सकन हसू आलं. मग तोही हसला. मग गोरखही. चांगदेवच्या प्रेताशेजारी तिघं हसले. गोरखला सगळ्या लढाईत सर्वांत स्पष्ट आठवायचं ते तेवढं हसणं, आणि त्याची त्याला लाज वाटायची, आणि ते आठवल्याशिवाय राहवायचंही नाही.

वरून कोणीतरी दरडावून हाक मारली. तो जवान उठला. चांगदेवला उचलायला त्यानं हात लावला आणि म्हणाला, "जाओ भाई. इस रास्ते से दोबारा मत आना. यहाँ मैं ही बैठता हूँ."

दोन दिवसांनी ते त्याच वाटेनं गेले, कारण दुसरी वाटच नव्हती. त्या बंकरमध्ये बॉम्ब टाकले ते गोरखनंच. धूर बसल्यावर बाकीचे आत गेले. गोरख गेला नाही. आत गेला असता तर कळलं असतं. आता काहीच कळत नव्हतं. चांगदेवला गोळी मारणारा तोच होता, की त्याच्या शेजारचा? पाणी पाजणाऱ्याला आपण मारलं, की तो त्या दिवशी तिथं नव्हताच? वर्षभर गोरख हा गुंता सोडवायला बसायचा आणि प्रत्येक वेळी एक गाठ वाढायची.

महाळुंग्यात साळुबाईच्या दारी मांडव घातला होता. चांगदेवचा वर्दीतला फोटो एवढा मोठा लावला होता, की तो जिवंतपणी तेवढा कधीच दिसला नसेल. प्रवचन चालू होतं. गोरख दिसताच गेणभाऊनं त्याला हाताला धरून बाजूला घेतलं. गेणभाऊ वाईट माणूस नव्हता. पण कार्य म्हटलं की त्याच्या अंगात यायचं आणि मग त्याला माणसं दिसायची नाहीत, नुसती व्यवस्था दिसायची.

"पावणं, आधी जेवून घ्या, मानाचं पान वाढलंय. मंग मायकवर दोन शब्द बोला. चांगदेवच्या मरणाचा बदला कसा घेतला ते सांगा. पोरांना ऐकू द्या."

"मी मावशीला भेटून येतो," गोरख म्हणाला आणि मागच्या दारानं आत शिरला.

साळुबाई चुलीपुढं होती. चांगदेवला बेसनाची मासवडी आवडायची म्हणून तिनं कोणाला हात लावू न देता एकटीनं केली होती. पहाटेपासून तिच्या पोटात काही नव्हतं. पाट मांडलेला, पत्रावळ वाढलेली, शेजारी भरलेला तांब्या. गोरखला बघताच ती उभी राहिली.

"आलास बाबा? बस. तुझ्याचसाठी थांबलीय."

गोरख बसला नाही. इथं गप्प राहून जेवता आलं असतं. बाई सुखी झाली असती, मांडव खूश झाला असता आणि त्या घराला एक मुलगा मिळाला असता. पण तो घास त्याच्या घशाखाली उतरला नसता, हेही त्याला ठाऊक होतं. चांगदेवच्या हाका ऐकूनही त्यानं पाणी दिलं नव्हतं, आणि आता पाण्याचा मान तेवढा घ्यायचा?

"मावशी, ह्ये पान माझं न्हाई."

"आं?"

"पाणी मी न्हाई घातलं. तू इचारलंस पडलं का, मी म्हणलं पडलं. पण माझ्या हातचं न्हाई."

"मंग कोणाच्या? तुझ्या बरोबरच्याच्या?"

"आपल्यातल्या कोणाच्याच न्हाई."

मग त्यानं सगळं सांगितलं. जमिनीकडं बघत, भराभर सांगितलं. भरलेली बाटली सांगितली, हाका सांगितल्या, टोपी सांगितली, तंबाखू सांगितली. हसलो तेसुद्धा सांगितलं. साळुबाई पदराचं टोक मुठीत धरून ऐकत होती.

"त्यानंच मारलं व्हतं का?" तिनं विचारलं.

"ठाऊक न्हाई. चार-पाच जण व्हती तिथं. त्यानं मारलं असंल. नसंल बी."

"मारायचं आन पाणी बी पाजायचं? ही कुठली रीत?"

"मला बी कळत न्हाई, मावशी."

"तुला कळत न्हाई तर मला कसं कळावं?" साळुबाई एकदम ओरडली. "तू व्हतास तिथं! मी व्हते का?"

तिचा आवाज ऐकून गेणभाऊ दारात आला. त्यानं शेवटचं एवढंच ऐकलं होतं, पण त्याला तेवढं पुरलं. "गोरखभाऊ, जे काय असंल ते हितंच ऱ्हाऊ द्या. भायेर तालुक्याची माणसं बसल्याती. तुमी आपलं जेवा. मानाचं पान मोकळं ठेवत न्हाईत."

"गेणभाऊ, तुमी मांडवात जावा," साळुबाई म्हणाली. गेणभाऊ क्षणभर घुटमळला आणि गेला.

साळुबाईनं पत्रावळ उचलली. मागच्या दारी गाय बांधली होती, तिच्यापुढं टाकायला ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. परत आली, पान पाटापुढं ठेवलं. त्यातल्या वड्या काढून पातेल्यात टाकल्या. मग एकेक करून परत पानात ठेवल्या. गोरखला वाटलं आपण पुढं होऊन तिचे हात धरावेत, पण ते धरायचा हक्क आता आपल्याला उरलाय की नाही हेही त्याला कळेना.

"तो हाय का?" तिनं विचारलं.

"कोण?"

"पाणी पाजणारा."

"नसंल. दोन दिसांनी आमी तीच जागा घेतली. आत बाँब मीच टाकलं."

"म्हंजे तू मारलंस."

"असंल. मी आत जाऊन न्हाई बघितलं."

बाहेर प्रवचन संपून टाळ्या वाजत होत्या. साळुबाई हळू आवाजात म्हणाली, "आन त्याच्या तोंडात पाणी कोणी घातलं?"

इतके सत्कार झाले, इतक्या लोकांनी इतकं काही विचारलं, पण हे कोणी विचारलं नव्हतं. गोरखनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. त्याची बाटली त्या दिवशीही कमरेला होती, आणि त्या दिवशीही भरलेली होती.

"कोणी न्हाई," तो म्हणाला. आणि मग मात्र त्याला रडू फुटलं, वर्षभराचं एकदम. चांगदेवसाठी रडतोय की त्या दुसऱ्यासाठी, हे त्याला सांगता आलं नसतं. साळुबाईनं त्याला जवळ घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही.

"रडून झालं की बस," ती म्हणाली.

"मावशी, मी कसा..."

"बस म्हणते ना. पान त्याचंच हाय, तुझं न्हाई. पण त्याचं हितं कोण हाय दुसरं? त्याच्या वाटचं तू खा." ती पाटासमोर जमिनीवर टेकली. "पर पोटभर जेवू नगं. निम्मं खा. निम्मं त्यानं पाणी पाजलं म्हणून. आन निम्मं..."

गोळी त्याचीच असंल म्हणून निम्मं ठेवायचं, हे तिला बोलवेना.

गोरख पाटावर बसला. पानात मासवडी होती, रस्सा होता, भात होता, भाकरी होती. निम्मं म्हणजे कुठवर हे त्याला समजेना. त्यानं भाकरी निम्मी मोडली, भातात बोटानं रेघ ओढली, एकेक घास गिळत राहिला आणि रेघेपाशी येऊन थांबला. साळुबाई सबंध वेळ त्याच्या हाताकडं बघत होती. तिचे ओठ सकाळपासून कोरडे होते.

"पुरं," ती म्हणाली.

गोरखनं हात आखडला आणि उठायला गुडघा टेकला.

"थांब." साळुबाईनं उरलेल्या निम्म्यातली एक वडी उचलली आणि त्याच्या बाजूला सरकवली. "एवढी खा. आन कशासाठी म्हणून मला इचारू नगं."